गिटारची मान : जोडणी, विलगीकरण व दुरुस्ती

गिटार या तंतुवाद्याची मान त्याच्या पोकळ पेटीशी ज्या सांध्याने जोडलेली असते, त्या सांध्याची रचना, तो उकलण्याच्या पद्धती आणि तो पुन्हा बसविण्याचे तंत्र यांचा वाद्यनिर्मितीच्या इतिहासात स्वतंत्रपणे विचार करावा लागतो. विद्युत् साहाय्याशिवाय वाजणाऱ्या, म्हणजे ध्वनिक गिटारमध्ये हा सांधा वाद्याच्या आयुष्याचा मुख्य आधार असतो. तारांचा ताण तो अहोरात्र सोसतो. मात्र काही दशकांनंतर वाद्य पुन्हा वाजते करावयाचे झाल्यास तोच सांधा इजा न होता सुटावाही लागतो. भक्कमपणा आणि उकलता येणे या परस्परविरोधी गरजांचा मेळ निरनिराळ्या देशांतील कारागिरांनी निरनिराळ्या प्रकारे घातला. जेथे तो नीट घातला गेला नाही, तेथे चांगल्या लाकडाची, सुरेल वाद्येही निकामी झाली.

रचना व ताण : गिटारच्या पेटीची वरची पातळ फळी (तबली), मागची फळी (पाठ) आणि वाफेवर वा उष्णतेने वाकविलेल्या दोन बाजू हे तिचे मुख्य भाग होत. पेटीच्या वरच्या टोकाशी आत एक जाड लाकडी ठोकळा असतो. मानेचे पेटीकडील खाली उतरलेले टोक म्हणजे टाच. ती या ठोकळ्याला जोडतात. मानेवर स्वरपट्टी व तीवर धातूचे पडदे बसवितात. स्वरपट्टीचा शेवटचा भाग जीभ होऊन तबलीवर येतो व तेथे चिकटविला जातो. तारा मानेच्या शिरोभागातील खुंट्यांपासून निघून तबलीवरील घोडीपर्यंत ताणलेल्या असतात. घोडीत बसविलेल्या हाडाच्या अरुंद पट्टीवर त्या टेकतात.

नायलॉनच्या सहा तारांचा एकत्रित ताण सु. ३५ ते ४० किग्रॅ. भाराएवढा, तर पोलादी तारांच्या नेहमीच्या संचाचा ताण सु. ७० ते ७५ किग्रॅ. भाराएवढा असतो. हा ताण मानेचे शिर घोडीच्या दिशेने ओढत राहतो. लाकूड सततच्या भाराखाली अत्यंत मंद गतीने वाकते. परिणामी वरचा ठोकळा पुढे झुकतो, ध्वनिरंध्राभोवतीची तबली किंचित दबते व घोडीमागील भाग फुगतो. मान आणि तबली यांमधील कोन त्यामुळे बदलतो व तारा स्वरपट्टीपासून उचलल्या जातात. बाराव्या पडद्यावर पोलादी तारांची उंची २ ते २·५ मिमी. असणे सोयीचे असते. ती ४ मिमी.पर्यंत गेली म्हणजे बोटे दुखतात आणि तार फार खाली दाबावी लागल्याने स्वरही चढा लागतो. हा दोष निर्मितीतील हलगर्जीपणाचा असेलच असे नाही. उत्तम नादासाठी तबली पातळ व हलकी ठेवावी लागते आणि अशी हलकी पेटी ताणाला कालांतराने काहीशी वश होते.

प्रारंभीच्या जोडण्या : सतराव्या शतकातील यूरोपीय गिटारींच्या माना बहुधा सरस आणि लोखंडी खिळा यांनी जोडलेल्या असत. खिळा पेटीच्या आतून, ठोकळ्यामधून टाचेत ठोकला जाई. व्हायोलिन कुलातील वाद्यांतही हीच पद्धत होती. इटलीतील क्रेमोना येथील आंतोन्यो स्त्रादिव्हारी (मृत्यू १७३७) याने व्हायोलिनांबरोबर काही गिटारीही घडविल्या. त्यांपैकी १६७९ ची ‘साबियोनारी’ पुढे सहा तारांसाठी बदलण्यात आली आणि एकविसाव्या शतकात तिला पुन्हा पाच जोडतारांचे मूळ रूप देण्यात आले. आतड्याच्या तारांचा ताण बेताचा असल्याने खिळ्याची जोडणी त्या काळी पुरेशी होती. मात्र मान काढावयाची तर खिळा उपसावा लागे आणि त्यात ठोकळा फुटण्याचा धोका असे.

इ. स. १८०० च्या सुमारास व्हायोलिनच्या मानेत मोठा बदल घडून आला. सभागृहे विस्तारली, वादनात वरच्या स्वरांचा वापर वाढला व तारांचा ताणही वाढला. त्यामुळे जुन्या माना काढून अधिक लांब व मागे झुकलेल्या माना ठोकळ्यात खाच पाडून बसविण्यात आल्या. कारागीर जुन्या मानेचे कोरीव शिर कापून नव्या मानेला सांधत. त्यायोगे मूळ निर्मात्याच्या हातचा तेवढा भाग टिके. क्रेमोनाच्या बहुतेक सर्व जुन्या व्हायोलिनांवर ही शस्त्रक्रिया झाली असून मूळ मान असलेली वाद्ये अतिशय दुर्मिळ आहेत. स्त्रादिव्हारीने मेदिची घराण्यासाठी १६९० मध्ये बनविलेला व फ्लॉरेन्स येथे जतन केलेला मोठा व्हियोला हे त्यांचे विख्यात उदाहरण होय. या फेरफारामुळे वाद्ये वादकांच्या हाती राहिली, पण मूळ मानेचा कोन, जाडी व घडण यांचा पुरावा बहुतांशी कायमचा नाहीसा झाला. गिटारच्या दुरुस्तीतही पुढे हाच पेच उभा राहिला.

व्हिएन्ना व मार्टिन : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्ना येथील योहान गेओर्ख श्टाउफर (१७७८–१८५३) याने मानेचा कोन वादकाला स्वतः बदलता येईल अशी योजना केली. यात मान ठोकळ्याला सरसाने पक्की न करता टाचेतून जाणाऱ्या एका स्क्रूने धरून ठेवीत. घड्याळाच्या किल्लीसारख्या किल्लीने स्क्रू फिरविला की मान कमीजास्त झुके. अशा वाद्यांत स्वरपट्टीची जीभ तबलीला चिकटविलेली नसून तीवर अधांतरी राही. मान पुढेमागे हलणार हे गृहीत धरूनच सांधा आखावा, हा विचार या वाद्यांत स्पष्टपणे दिसतो.

श्टाउफरच्या परंपरेत तयार झालेला क्रिस्टियान फ्रीडरिख मार्टिन (१७९६–१८७३) हा सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्खनचा रहिवासी होता. त्याचे कुटुंब फर्निचर घडविणाऱ्या सुतारांच्या श्रेणीत मोडत असे. गिटारी बनविण्याचा अधिकार आपलाच, असा दावा करून तेथील व्हायोलिनकारांच्या श्रेणीने या सुतारांशी दीर्घकाळ तंटा चालविला होता. मार्टिन १८३३ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कला गेला व १८३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे स्थायिक झाला. त्याच्या सुरुवातीच्या काही गिटारींना श्टाउफर पद्धतीची हलती मान आढळते. पुढे मात्र डव्हटेल या नावाने सुतारकामात प्रसिद्ध असलेला कपोतपुच्छ सांधा या कारखान्याची ओळख बनला. टाचेच्या टोकाला कबुतराच्या शेपटीसारखा पसरट आकार देऊन तो ठोकळ्यातील तशाच निमुळत्या खोबणीत वरून सरकवितात. नीट बसविलेला हा सांधा सरसाविनाही मान जागेवर धरतो. सरस केवळ त्याची हालचाल थांबवितो. हा सांधा घट्ट असूनही, सरस मऊ झाल्यावर ज्या वाटेने मान आत गेली त्याच वाटेने ती वर उचलता येते.

स्पेनची परंपरा : स्पेनमध्ये वेगळा मार्ग रूढ झाला. तेथे मानेची टाच व आतील ठोकळा हे एकाच लाकडात असतात. त्यांच्या दोन्ही अंगांस पाडलेल्या चिरांत बाजूंच्या पट्ट्यांची टोके बसवितात आणि तबली खाली ठेवून मानेभोवतीच सगळी पेटी उभारतात. आल्मेरियाचा आंतोन्यो दे तॉरेस (१८१७–९२) याने मोठी पेटी, सु. ६५ सेंमी. तारलांबी व तबलीखालील पंख्यासारखी पट्टीरचना यांच्या आधारे आजच्या अभिजात गिटारचे रूप निश्चित केले. तेही याच जोडणीच्या परंपरेत. या पद्धतीत मान व पेटी यांत सांध्याची फट नसते, थोड्या हत्यारांत काम होते आणि आतड्याच्या वा नायलॉनच्या तारांचा ताण मर्यादित असल्याने कोन फारसा ढळत नाही. मात्र ढळलाच, तर पेटी न उकलता मान काढण्याची सोय तीत नाही.

पोलादी तारा व विसावे शतक : अमेरिकेत लोकसंगीत व हवाईयन वादन यांमुळे मोठ्या आवाजाची मागणी वाढली. मार्टिन कारखान्याने १९२२ पासून पोलादी तारांसाठी नियमितपणे गिटारी घडविण्यास सुरुवात केली. १९२९ मध्ये पेटीशी बाराव्याऐवजी चौदाव्या पडद्यावर जुळणारी मान प्रचारात आणण्यात आली. ताण वाढल्याने मान स्वतः वाकण्याचा प्रश्नही तीव्र झाला. त्यावर गिब्सन कंपनीतील थॅडिअस मॅकह्यू याने मानेच्या आत बसविलेल्या व बाहेरून पिळता येणाऱ्या पोलादी दांडीचे एकस्व १९२३ मध्ये मिळविले. मार्टिन कारखान्याने १९३४ पासून मानेत न पिळता येणारी पोलादी पट्टी घातली, महायुद्धकाळात पोलादाच्या टंचाईमुळे पुन्हा आबनूस वापरला आणि पिळता येणारी दांडी १९८५ मध्ये स्वीकारली.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पिळदांडी मानेचा बाक सुधारते. पेटीशी असलेला मानेचा कोन ती बदलू शकत नाही. कोन बिघडलेल्या वाद्यात दांडी पिळत राहिल्यास तारांची उंची नावापुरती उतरते आणि दांडी तुटण्याचा वा स्वरपट्टी सुटण्याचा धोका मात्र ओढवतो.

लिओ फेंडर याने १९५० पासून विद्युत् गिटारींना स्क्रूंनी घट्ट केलेल्या माना बसविल्या, तेव्हा सांधा म्हणजे सरस हे समीकरण ढिले झाले. ध्वनिक गिटारमध्येही साध्या खोबणीत कुसू बसवून आतून बोल्ट आवळण्याची रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरली. कॅलिफोर्नियात १९७४ मध्ये स्थापन झालेल्या टेलर कंपनीने १९९९ मध्ये मानेसह स्वरपट्टीची जीभही खोलगट जागेत बसविणारी रचना आणली. तीत ठराविक जाडीच्या पातळ चकत्या बदलून काही मिनिटांत कोन सुधारता येतो. बोल्टमुळे नाद मंदावतो, असा आक्षेप अनेक कारागिरांनी व वादकांनी घेतला. परंतु टाच व पेटी यांचे पृष्ठभाग नीट भिडलेले असल्यास ऐकून फरक ओळखता येतो, असे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

दोषनिदान : मान काढण्यापूर्वी तारा उंच होण्याचे खरे कारण शोधतात. प्रथम वाद्य सुरात लावून मानेचा बाक पाहतात व जरूर तर पिळदांडीने तो दुरुस्त करतात. नंतर एक सरळ धातूची पट्टी पडद्यांवर ठेवून तिचे टोक घोडीकडे नेतात. ते घोडीच्या वरच्या पृष्ठभागाला लागत असेल, तर कोन योग्य समजतात. त्याखाली घोडीच्या अंगावर आदळत असेल, तर कोन ढळलेला असतो. तबलीखालील पट्ट्या सुटल्या आहेत काय, घोडी उचलली गेली आहे काय, हेही आरशाने व दिव्याने पाहतात. हवेतील आर्द्रतेचाही विचार करावा लागतो. दमट हवेत तबली फुगून तारा उचलल्या जातात व कोरड्या हवेत ती दबते. गिटारसाठी ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता अनुकूल मानतात. मुंबई, कोकण व गोवा येथे पावसाळ्यात ती ८० टक्क्यांहून अधिक होते. त्यामुळे तेथे जुलैत केलेले निदान हिवाळ्यात पुन्हा पडताळून पाहणे इष्ट ठरते.

बाराव्या पडद्यावर तार १ मिमी.ने उतरविण्यासाठी घोडीवरील हाडाची पट्टी २ मिमी.ने कमी करावी लागते. ही पट्टी घासण्याइतकी उरली नसेल, तरच मान काढण्याचा निर्णय घेतात. पूर्वी अनेक दुरुस्तीकार पट्टी संपल्यावर घोडीच तासून पातळ करीत. त्यामुळे तारा तात्पुरत्या उतरत, पण तारांचा घोडीवरील दाब घटून आवाज क्षीण होई व मूळ घोडी कायमची खराब होई. अशा तासलेल्या घोड्यांची बरीच जुनी वाद्ये आजही दुरुस्तीसाठी येतात.

मान काढण्याची पद्धत : कपोतपुच्छ सांध्याचे वाद्य असल्यास प्रथम तबलीवरील स्वरपट्टीची जीभ तापविलेल्या लोखंडाने किंवा दिव्याने गरम करून पातळ बोथट सुरीने सोडवितात. मार्टिन पद्धतीच्या चौदा पडद्यांच्या मानेत पंधरावा पडदा काढून त्याच्या चिरेतून एक वा दोन बारीक छिद्रे पाडतात. ही छिद्रे सांध्याचे टोक व ठोकळा यांमधील पोकळीत उतरतात. त्यांतून पोकळ सुईने वाफ सोडली म्हणजे आतील सरस सैल होतो. त्याच वेळी टाचेखाली लावलेल्या चापाने मान हळूहळू वर रेटतात. प्राणिज सरस पाणी व उष्णता यांनी सहज मऊ होतो. आधुनिक पांढरे व पिवळे सरसही बहुधा उष्णतेला वश होतात; एपॉक्सी मात्र फार कष्टाने सुटते. म्हणूनच जाणते कारागीर या सांध्यात ते वापरत नाहीत.

वाफेचा अतिरेक घातक असतो. तीमुळे रोगणावर पांढरे डाग पडतात, तबलीचे जोड सुटतात आणि टाच फुटू शकते. अलीकडे विजेने तापणारी बारीक दांडी त्याच छिद्रांत घालून कोरड्या उष्णतेने सांधा सोडविण्याची रीत रूढ होत आहे. तीत लाकडात पाणी मुरत नाही. मान निघाल्यावर सांधा स्वच्छ करून काही दिवस सुकू देतात. बोल्टची मान असल्यास जीभ सोडवून बोल्ट काढणे एवढेच काम असते.

पुनर्जोडणी : कोन सुधारण्यासाठी टाचेच्या पेटीला टेकणाऱ्या पृष्ठभागातून पाचरीच्या आकाराचे लाकूड काढतात, वरच्या कडेला शून्य आणि खालच्या टोकाला सर्वांत जास्त. टाचेची उंची गुणिले घोडीपाशी हवी असलेली वाढ, भागिले पेटीच्या कडेपासून घोडीवरील पट्टीपर्यंतचे अंतर, या हिशेबाने खालच्या टोकाचे माप मिळते. ६४५ मिमी. तारलांबीच्या व चौदाव्या पडद्यावर जुळणाऱ्या गिटारमध्ये हे अंतर सु. २८७ मिमी. येते. टाच ९० मिमी. व वाढ ३ मिमी. धरल्यास काढावयाचे लाकूड ०·९४ मिमी. भरते, म्हणजे कोनात फरक सु. ०·६ अंशाचा होतो. वाद्य वाजवता येणे वा न येणे हे एवढ्या अल्प लाकडावर अवलंबून असते.

हे लाकूड धारदार पटाशीने आतल्या बाजूस किंचित पोखरून काढतात, जेणेकरून केवळ बाहेरची कड पेटीला भिडावी. शेवटी टाच व पेटी यांमध्ये घासकागदाची पट्टी धरून ओढतात व दोन्ही पृष्ठभाग बेमालूम जुळवितात. लाकूड काढल्याने कपोतपुच्छ खोबणीत सैल पडते, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांस पातळ लाकडी पाचरी चिकटवून, खडू लावून वारंवार बसवून पाहत ते पुन्हा घट्ट करतात. मान उजवी-डावीकडे झुकत नाही ना, हेही प्रत्येक वेळी तपासतात. मान मागे झुकल्याने जीभ तबलीपासून किंचित उचलली जाते. तिच्याखाली गरजेप्रमाणे आबनूस वा शिसवीची बारीक पाचर घालतात. मग गरम सरस लावून मान बसवितात, काढलेला पडदा पुन्हा ठोकतात व पडदे समतल करतात.

स्पॅनिश जोडणीत हे शक्य नसल्याने स्वरपट्टी काढून उतरत्या जाडीची नवी बसवितात, किंवा पाठीचा वरचा भाग ठोकळ्यापासून व बाजूंपासून सोडवून मान मागे ओढतात आणि पाठ पुन्हा चिकटवून बाहेर आलेली कड छाटतात. हाच उपाय कपोतपुच्छ सांध्याच्या वाद्यांवरही वेळ वाचविण्यासाठी केला जाई. तो पेटीच्या मूळ आकारातच फेरफार करतो, म्हणून आज त्यावर टीका होते. टाचेतून आरपार स्क्रू ठोकणे हा तर सर्वांत निंद्य उपाय होय. त्याने कोन सुधारत नाही आणि पुढील दुरुस्तीची वाट बंद होते.

भारतीय संदर्भ : हवाईयन पद्धतीने, मांडीवर आडवी ठेवून कांबीने वाजविल्या जाणाऱ्या गिटारमध्ये तारा मुद्दामच उंच ठेवतात, त्यामुळे कोनाचा थोडा ऱ्हास तेथे बाधत नाही. हे वाद्य भारतीय चित्रपटसंगीतात व पुढे रागसंगीतात रुजले. ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी त्यावर रागवादन केले. विश्वमोहन भट्ट यांनी तरफेच्या तारा जोडून ‘मोहनवीणा’ सिद्ध केली. अशा जादा तारांमुळे मान व सांधा यांवरील भार बराच वाढतो आणि त्यांची घडणही त्या मानाने बळकट करावी लागते. महाराष्ट्रात मिरज येथे सतार व तंबोरा घडविणाऱ्या कारागिरांची जुनी परंपरा असून त्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा व दांडी यांमधील गळ्याचा जोड हा त्यांच्याही वाद्यांचा नाजूक भाग होय.

जतनाचा प्रश्न : मान पुन्हा बसविणे हे वाजविल्या जाणाऱ्या वाद्याच्या देखभालीचे अंग आहे. पोलादी तारांच्या गिटारला काही दशकांनी त्याची गरज पडणे स्वाभाविक मानले जाते. संग्रहालयातील वाद्याची गोष्ट निराळी. तेथे ढळलेला कोन, जुना सरस, हत्याराच्या खुणा व पूर्वीच्या पाचरी हाच इतिहासाचा पुरावा असतो, आणि तारा सैल ठेवून तो आहे तसा राखणे श्रेयस्कर ठरते. वादकाच्या हातातील वाद्य मुके ठेवण्यातही हानी आहेच. कारण न वाजणारे वाद्य बहुधा अडगळीत जाते व तेथे त्याचा नाश होतो. म्हणून काढलेल्या लाकडाचे माप, वापरलेला सरस व बदललेले भाग यांची लेखी नोंद ठेवावी आणि पुढील दुरुस्तीकाराला तोच सांधा पुन्हा उकलता येईल असेच साहित्य वापरावे, हा दंडक आज सर्वसाधारणपणे मान्य झाला आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या संधिकाळी बदललेल्या व्हायोलिनांच्या मानांबाबत अशी नोंद ठेवली गेली असती, तर त्या काळच्या वादनाविषयी आज पुष्कळ अधिक माहिती हाती असती.